छपरावरून जाणारी ऊब: नव्या आइस अरीनाबद्दल आपल्या गावातल्या मराठी कुटुंबांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर उणे १७ होतं. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये काळ्या साड्यांवर स्वेटर घालून बायका बसल्या होत्या, पोरं कोट काढायला तयार नव्हती, आणि वाणाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या एका काकूंनी मला हाक मारून सांगितलं, "अहो, तुम्ही इथेच कामाला ना? जरा हीटर वाढवायला सांगा की." मी सांगितलं. थर्मोस्टॅट दोन अंश वर गेला आणि तळघरातला गॅसचा बॉयलर पेटला. त्याच वेळी, हॉलच्या मागच्या भिंतीपलीकडे, बर्फाच्या यंत्रांतून निघालेली ऊब छपरावरच्या कंडेन्सरमधून मोकळ्या आकाशात चालली होती. परत जाताना पार्किंगमधून तुमच्यापैकी काहींनी ती पांढरी वाफ पाहिली असेल. एका छोटीने तर आईला विचारलंही, की छपराला आग लागली आहे का.

हे पत्र त्या वाफेबद्दल आहे.

तुमच्यातले बरेच जण मला गणपतीत टाळ वाजवणारा म्हणून ओळखतात. पोटापाण्यासाठी मी गेली १६ वर्षं ऑन्टारियोतल्या आइस रिंकांची, म्हणजे घरातल्या स्केटिंगच्या बर्फाची, रेफ्रिजरेशन यंत्रं चालवतो, त्यातली शेवटची काही वर्षं आपल्याच गावात. मी इंजिनियर नाही, ऑपरेटर आहे. आपल्या मंडळात इंजिनियर पुष्कळ आहेत, आणि हे पत्र लिहिण्याचं एक कारण तेही आहे.

आपला अरीना १९६७ च्या पिढीतला. कॅनडाच्या शंभरीनिमित्त तेव्हा गावोगावी अशा इमारती उभ्या राहिल्या आणि आता त्या सगळ्या एकदमच म्हाताऱ्या झाल्या आहेत. आपल्याकडे छप्पर गळतं, खारं पाणी थंड करणारा चिलर थकला आहे, त्यामुळे नवा अरीना हवा याबद्दल माझं दुमत नाही. नगरपालिकेने आराखडा लोकांसमोर ठेवला आहे: दोन रिंक, वर बसायची गॅलरी, शेजारी मोठा हॉल, कोपऱ्यात कॅफे. चित्र देखणं आहे. काचेच्या भिंती, छपरावर सोलर पॅनेल, दारात झाडं. मी चित्र बाजूला ठेवून मागची पानं वाचली. हॉल, कपडे बदलायच्या खोल्या आणि गरम पाणी यांच्यासाठी गॅसचे बॉयलर धरले आहेत. बर्फाच्या यंत्रांची उष्णता वापरण्याचा मुद्दा "पुढील टप्प्यात विचाराधीन" अशा एका ओळीत उरकला आहे. रेफ्रिजरंट, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता उपसणारा वायू, कोणता वापरायचा, ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात यावर जाहीर सभा आहे आणि त्यानंतर आराखडा पक्का होईल.

ही जी एक ओळ आहे, तिच्यासाठी मी तुमचा वेळ मागतो आहे.

माझा जन्म रत्नागिरीचा, मिरकरवाड्याजवळचा. वडील बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते. कोकणातल्या लोकांना ते दृश्य सांगायला नको: खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात ओळीने उभे बुडवलेले पत्र्याचे डबे, डब्यांत गोडं पाणी. अमोनियाच्या नळ्या टाकीतलं खारं पाणी शून्याच्या खाली नेत, मिठामुळे ते गोठत नसे, आणि डब्यातल्या गोड्या पाण्याची मात्र लादी होई. मग लादीचा चुरा आणि चुऱ्याच्या टोपल्या होड्यांवर. इथे येऊन मी पहिल्यांदा एका रिंकच्या मशीनघरात शिरलो तेव्हा नाकाला तोच वास आला. यंत्र तेच, अमोनिया तोच, खारं पाणीही तेच. डब्यांच्या ऐवजी इथे काँक्रीटच्या पोटात नळ्या असतात, एका पूर्ण मापाच्या रिंकखाली सुमारे १६ किलोमीटर, आणि वर ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद अशी एकच लादी असते. तीन सेंटिमीटर जाडीची.

बर्फ गुळगुळीत करणाऱ्या ज्या गाडीमागे तुमची मुलं काचेला नाक लावून उभी असतात, ती झांबोनी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते फ्रँक झांबोनीसुद्धा मुळात लादीवालेच. कॅलिफोर्नियात त्यांचा बर्फाच्या लाद्यांचा कारखाना होता. घरोघरी फ्रिज आले, लाद्या खपेनात, म्हणून १९४० मध्ये त्यांनी भावासोबत रिंक काढली आणि १९४९ मध्ये ती गाडी बनवली. मी हे वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ खूश होते. "म्हणजे आपल्यातलाच की रे," म्हणाले.

तर त्या आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला कंडेन्सर होता. नळ्यांची उभी जाळी आणि तिच्यावर वरून सतत सोडलेलं पाणी. नळ्यांतून गरम अमोनिया जायचा, पाणी त्याची उष्णता घेऊन खालच्या हौदात पडायचं. ते पाणी कोमट असायचं. पौषातल्या सकाळी, शाळेत जायच्या आधी, आम्ही पोरं हौदाच्या कडेला बसून त्यात पाय सोडायचो. बर्फाच्या कारखान्यात ऊब कशी, असं मी एकदा विचारलं. वडील म्हणाले, "बर्फ करायचा म्हणजे पाण्यातली ऊब उपसून दुसरीकडे टाकायची. आपण ती इथे टाकतो." रेफ्रिजरेशनचा परवाना मिळवण्यासाठी मी पुढे जेवढी पुस्तकं वाचली त्यांचं सार या वाक्यात आहे.

हिशेब ढोबळमानाने असा. यंत्राला विजेचा एक भाग दिला की ते बर्फातून साधारण तीन भाग उष्णता उपसतं, आणि कंडेन्सरपाशी ते तीन अधिक विजेचा एक असे चार भाग बाहेर पडतात. बर्फ धरून ठेवायचा असेपर्यंत हे दिवसरात्र चालू राहतं. आणि ही उष्णता टाकून देत असताना त्याच इमारतीत आपण गॅस जाळून हॉल तापवतो, शॉवरचं पाणी तापवतो, गॅलरीतल्या आईबापांच्या डोक्यावरचे हीटर लावतो. बर्फाखालची जमीन गोठून फुगू नये म्हणून फरशीच्या खालीही उष्णता द्यावी लागते. झांबोनीने खरवडून आणलेला बर्फ वितळवायला मागे एक खड्डा असतो, त्यालाही उष्णता लागते. एवढी सगळी गिऱ्हाइकं घरातच बसलेली असताना माल गच्चीवरून फेकून द्यायचा, हे मला रोज कामावर गेल्यावर बघावं लागतं.

ऑन्टारियोत याचं महत्त्व जास्त आहे. २०१४ मध्ये या प्रांताने कोळशावरची शेवटची वीजनिर्मिती बंद केली. आपली वीज मुख्यतः अणुऊर्जा आणि धरणांमधून येते. गॅसच्या वीजघरांचा वाटा आहे, पण तो त्या मानाने लहान. म्हणजे आपल्यासारख्या अरीनाचा धूर मुख्यतः दोन जागांहून निघतो, एक गॅसचा बॉयलर आणि दुसरा गळणारा रेफ्रिजरंट. जिथली वीज मुख्यतः गॅस जाळून होते त्या आल्बर्टात मी असतो तर आधी विजेबद्दल लिहिलं असतं. इथे आधी बॉयलरबद्दल लिहायला हवं.

आता "पुढील टप्प्यात" हा शब्द का घातक आहे ते सांगतो. कंडेन्सरकडे जाणारी उष्णता बहुतेक कोमट असते, २५ ते ३५ अंशांची. तेवढ्यावर रेडिएटर चालत नाहीत, पण फरशीखालच्या नळ्या चालतात, कारण मोठी फरशी थोड्याशा उबेनेही खोली छान गरम ठेवते. या नळ्या काँक्रीट ओतण्याच्या आधी टाकाव्या लागतात. हॉलची फरशी झाली, वर लाकूड बसलं, की मग कोणता पुढचा टप्पा आणि काय. मशीनघरात उष्णता साठवणाऱ्या टाक्यांना जागा हवी, ती भिंती उभ्या राहायच्या आत ठरते. हॉल आणि मशीनघर शेजारी असले तर पाइप छोटा होतो. आराखड्यात ते इमारतीच्या दोन टोकांना आहेत. असली इमारत चाळीस-पन्नास वर्षं उभी राहते. चुकीच्या जागी घातलेली भिंत तुमची नातवंडं वापरतील.

गरम पाण्याची गोष्ट मला विशेष लागते, म्हणून जरा थांबून सांगतो. झांबोनी बर्फावर जे पाणी सोडते ते ६० अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून त्याचा बर्फ नितळ आणि कठीण होतो, आणि जुन्या ओरखड्यांत ते चांगलं मुरतं. एका फेरीला ४०० ते ५०० लिटर, दिवसाला आठ-दहा फेऱ्या. आधी गॅस जाळून हे पाणी तापवायचं, मग बर्फावर ओतायचं, आणि मग तीच उष्णता बर्फातून परत उपसायला वीज जाळायची! एकाच बादलीचे दोनदा पैसे. यावर दोन मार्ग आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. वायू दाबणाऱ्या कंप्रेसरमधून निघणारा वायू सगळ्यात गरम असतो, त्याच्यावर आधीच पाणी तापवून घ्यायचं, म्हणजे गॅस वाचतो. किंवा पाणी भोवऱ्यासारखं फिरवून त्यातली हवा काढणारं एक साधं उपकरण बसवायचं, म्हणजे नळाचं गारच पाणी वापरता येतं आणि बर्फही चांगला होतो. फिगर स्केटिंगच्या प्रशिक्षकांना गार पाण्याच्या बर्फाबद्दल शंका असतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. बर्फाचा स्वभाव त्यांच्या घोट्यांना आमच्या मीटरपेक्षा आधी कळतो. पण शंका आहे म्हणून विषय काढायचाच नाही, हे बरोबर नाही.

दुसरी बाब, उष्णता आत येऊ न देण्याची. मिरकरवाड्यात लादी हातगाडीवर चढली की तिच्यावर गोणपाट आणि लाकडाचा भुसा पडायचाच. त्याच्याही कितीतरी आधी, १९ व्या शतकात, अमेरिकेतल्या बोस्टनकडच्या तळ्यांमधला बर्फ भुशात बांधून गलबतांनी मुंबईला येत असे, अर्धी पृथ्वी ओलांडून. भुसा स्वस्त आणि बर्फ महाग, हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. रिंकमध्ये आपला भुसा म्हणजे छताची आतली बाजू. तुम्ही गॅलरीत बसता तेव्हा वरचं छत तुम्हाला थंड वाटतं, पण बर्फाच्या मानाने ते गरम असतं आणि सतत खाली उष्णता फेकत असतं. बर्फावर येणाऱ्या उष्णतेतला एक मोठा वाटा या छताचा. त्याच्याखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पडदा ताणला की ही उष्णता फारच थोडी खाली येते. जोडीला एलईडी दिवे आले की बर्फावरचं ओझं हलकं होतं, कंप्रेसर कमी चालतो. पडद्याचा आणखी एक फायदा म्हणजे तुळयांवर दव धरत नाही, आणि खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर थेंब पडत नाहीत. आराखड्यात छताला गडद रंगाचा लाकडी आतला थर दाखवला आहे. लाकडी छपराला माझा विरोध मुळीच नाही. २०१० च्या ऑलिंपिकसाठी व्हँकूवरजवळच्या रिचमंडला बांधलेल्या रिंकचं छत कीड लागून मेलेल्या पाइनच्या लाकडाचं आहे आणि ते पाहण्यासारखं आहे. पण छताच्या खालच्या अंगाचा विचार बर्फाच्या बाजूनेही झाला पाहिजे.

छपरावरच्या सोलर पॅनेलबद्दल मला कोणी विचारलं तर मी म्हणतो, जरूर लावा, नंतर लावा. आपल्याकडे पावसाळ्याआधी घर शाकारतात, मग भिंतीला चुना लावतात. आपल्याला सगळ्यात जास्त उष्णता लागते ती डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा ऊन कमी आणि पॅनेलवर बर्फ. तोच पैसा आधी बॉयलर घालवण्यात लागला तर जास्त फळ देईल.

आता रेफ्रिजरंट. इथे मला जपून लिहायचं आहे, कारण यात माणसं मेली आहेत. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी या गावच्या रिंकमध्ये अमोनियाची गळती झाली आणि तीन कामगार गेले. जुन्या चिलरची एक नळी झिजून अमोनिया खाऱ्या पाण्यात उतरला होता. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ आहे. मी त्या आठवड्यात रोज कामावर जाताना घरी दोनदा फोन करत होतो. लहानपणी कारखान्यात एकदा गळती झाली तेव्हा वडील ओला पंचा तोंडाला बांधून आत गेले होते आणि दीड तासाने लाल डोळ्यांनी बाहेर आले होते. ते मी विसरलेलो नाही. तेव्हा अमोनियाला घाबरणाऱ्या माणसाला मी कधी हसणार नाही.

पण फर्नीनंतर गावोगावी एक सोपं उत्तर विकलं जाऊ लागलं: अमोनिया काढा, कृत्रिम रेफ्रिजरंट घाला, ते विषारी नाहीत. ते विषारी नाहीत हे खरं. पण हवेत सुटले तर काय करतात ते बघा. आर-५०७ नावाचा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ४,००० पट आहे. त्याच्या जागी सुचवला जाणारा आर-४४९ए सुमारे १,४०० पट. यंत्र जुनं होतं तसं थोडंफार गळतंच, कोणी काही म्हणो. शिवाय या वायूंवर जगभर टप्प्याटप्प्याने निर्बंध येत आहेत. आर-२२ या जुन्या कृत्रिम वायूचं काय झालं ते आम्ही पाहिलं. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बाद झाला आणि ज्या गावांनी त्याच्यावर यंत्रं घेतली होती त्यांना सगळं बदलावं लागलं. त्याच करारात पुढे झालेल्या, कॅनडा आणि भारत दोघांनीही मान्य केलेल्या किगाली दुरुस्तीमुळे आताच्या वायूंचीही तीच वाट आहे. पन्नास वर्षांच्या इमारतीत वीस वर्षांत बाद होणारा वायू भरायचा, हा तोट्याचा व्यवहार आहे.

माझं मत स्वच्छ आहे. नव्या अरीनात एक तर कमीत कमी अमोनिया वापरणारं, बंदिस्त, नव्या पद्धतीचं यंत्र असावं, जिथे अमोनिया मशीनघराच्या बाहेर जातच नाही आणि चिलर ठरलेल्या वयाला बदलण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून असते. नाही तर कार्बन डायऑक्साइडवर चालणारं यंत्र असावं. ज्या वायूमुळे जग तापतं म्हणतात त्यानेच बर्फ करायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हा वायू गळला तरी इतरांच्या तुलनेत त्याचा भार नगण्य. त्याचा दाब फार जास्त असतो, यंत्र जाड लोखंडाचं लागतं, मेकॅनिकलाही वेगळं शिकावं लागतं. त्या बदल्यात एक मोठी देणगी मिळते: कंप्रेसरमधून निघताना तो इतका गरम असतो की ६०-७० अंशांचं पाणी सरळ त्याच्यावर होतं. शॉवर, झांबोनी, हॉल, सगळं. आपल्यासारख्या थंड मुलखात तो उत्तम चालतो. केबेकमधल्या सेंट-जेडियाँ-द-बोस या जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाने २०१० मध्ये पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी रिंक सुरू केली, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगचा १२,००० चौरस मीटरचा बर्फ याच वायूने धरला. आपल्या सल्लागारांच्या अहवालात हा पर्याय "अद्याप नवीन" म्हणून बाजूला ठेवला आहे. एका खेड्याने २०१० मध्ये केलेली गोष्ट अजून नवीन कशी, हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारायला हवा.

आणि गॅसशिवाय अरीना होत नाही असं कोणी सांगितलं तर सिअॅटलचं उदाहरण द्या. तिथे १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं जुनं छप्पर तसंच टांगून ठेवून खाली नवं स्टेडियम खोदलं आणि २०२१ मध्ये ते उघडलं. तिथे रोजच्या कामाला गॅस वापरत नाहीत, आणि बर्फासाठी छपरावरचं पावसाचं पाणी गोळा करतात. पैसा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होता हे मान्य. पण १७ हजार माणसांची जागा विजेवर तापते, तर आपला तीनशे खुर्च्यांचा हॉल का तापू नये?

झांबोनी विजेवरची घ्या, हे तर मी वेगळं सांगायलाही नको. बंद जागेत प्रोपेनच्या गाडीचा धूर मुलांच्याच उंचीवर साठतो. तेवढं आराखड्यात आहे, त्याबद्दल नगरपालिकेचे आभार.

मंडळातल्या एका मित्राने मला विचारलं, "आपल्याला काय करायचंय? हॉकी त्यांची, बर्फ त्यांचा." मला त्याचा राग आला नाही, कारण पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटत होतं. मग माझ्या मुलाने स्केट बांधले. पहिल्या दिवशी प्लास्टिकची खुर्ची ढकलत ढकलत तो रिंकच्या मधोमध गेला आणि तिथून त्याने मला हात केला. त्या दिवसापासून तो बर्फ माझाही आहे. तुमच्यातल्या किती घरांत शनिवारी सकाळी पोह्यांच्या आधी स्केटची पिशवी भरली जाते, ते मी तिकीटखिडकीवरून पाहतो. त्याच इमारतीत आपला गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. मालमत्ता कर आपण भरतोच.

आणि बाहेरचा बर्फ चालला आहे, हेही तुम्ही पाहता आहात. ओटावाचा रिडो कालवा, जिथे १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून दर वर्षी लोक ७.८ किलोमीटर स्केटिंग करत आले, तो २०२२-२३ मध्ये एक दिवससुद्धा उघडला नाही. तसं आधी कधी झालं नव्हतं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तो जेमतेम काही दिवस चालला. आम्ही त्या वर्षी घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन मुद्दाम ओटावाला गेलो होतो. काठावर उभं राहून राखी रंगाचं पाणी बघून परत आलो. आपल्या शेजारचे आजोबा मागच्या अंगणात पाइपने पाणी सोडून नातवंडांसाठी रिंक करायचे. गेली तीन वर्षं त्यांनी फळ्या गॅरेजमधून बाहेर काढलेल्या नाहीत. अंगणातला बर्फ गेला की मुलं आमच्या अरीनात येतात, आम्ही जास्त तास बर्फ धरतो, जास्त गॅस जाळतो. या चक्रात मी रोज आठ तास उभा असतो, म्हणून मला ते विसरता येत नाही.

आता मागणी. सभेत बोलायचं असेल तर क्लार्कच्या कार्यालयात आधी नाव नोंदवावं लागतं आणि बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. मी स्वतः नगरपालिकेचा कामगार असल्यामुळे माझ्या बोलण्याला मर्यादा आहे. म्हणून निदान पाच-सहा घरांनी नाव नोंदवावं असं मला वाटतं. एकाने फक्त एवढंच विचारावं की हॉलच्या फरशीखाली नळ्या आता का घालत नाही. दुसऱ्याने मशीनघर हॉलच्या शेजारी आणण्याचा आग्रह धरावा. आपल्यात दोन जण इमारतींच्या हीटिंगचं डिझाइन करतात. त्यांनी सल्लागारांकडे वर्षभराचा, महिन्यागणिक उष्णतेचा हिशेब मागावा, कंडेन्सरपाशी किती बाहेर पडते आणि इमारतीला किती लागते, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. तो तक्ता एकदा सगळ्यांसमोर आला की बाकीचं बोलणं सोपं होईल. सुरुवातीचा खर्च वाढेल, हे लपवू नका. कोणी विचारलं तर सांगा, वाढेल, आणि ३० वर्षांच्या गॅसच्या बिलांशेजारी तो मांडून दाखवा म्हणावं. हॉकी संघटनेचे पालक आणि कर्लिंग क्लबमधले ज्येष्ठ यांच्याशी मी बोललो आहे. त्यांच्यातले काही आपल्याबरोबर उभे राहायला तयार आहेत. त्यांना आपली गर्दी पाहून बरं वाटेल.

इंग्रजी अडखळतं म्हणून कोणी मागे राहू नये. ज्या काकूंनी मला हीटर वाढवायला सांगितला, त्यांनी सभेत उभं राहून एवढंच सांगितलं तरी चालेल की संक्रांतीला त्यांना थंडी वाजत होती आणि ऊब छपरावरून जात होती.

सभेच्या आधीच्या शनिवारी माझी सकाळची पाळी आहे. मशीनघरात कोणाला नेण्याची परवानगी नाही, पण दहा वाजता चहाच्या सुट्टीत मी मागच्या दारापाशी, झांबोनी जिथे बर्फाचा ढीग टाकते तिथे उभा असेन. मुलांना घेऊन या. तिथून कंडेन्सर स्पष्ट दिसतो. वारा आपल्या बाजूला असला तर ती वाफ खाली येते आणि तोंडाला कोमट लागते.

तुमचाच,
अरीनातला एक ऑपरेटर